न्यूव्ह शापेलच्या भिंतीवर

साताऱ्याकडच्या आणि कोकणातल्या कितीतरी गावांत चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत एक दगडी पाटी बसवलेली दिसते. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून किती माणसं गेली आणि त्यांतल्या किती जणांनी प्राण दिले, एवढे दोन आकडे तिच्यावर असतात. नाव एकाचंही नसतं. आमच्या पाटण तालुक्यातल्या गावी अशी पाटी आहे, आणि तिच्यावरच्या दुसऱ्या आकड्यात आमच्या घरातले दोघं आहेत. सख्खे भाऊ. धाकटे माझे पणजोबा. ते खडकीच्या सफरमैना पलटणीत होते. थोरले मराठा पलटणीत. घरात एवढंच सांगितलं जायचं की धाकटा ‘फ्रान्सात’ गेला आणि थोरला ‘बसऱ्याला’.

थोरल्यांच्या बायकोला माझ्या आत्याने लहानपणी पाहिलंय. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा गेल्याची बातमी तिच्यापर्यंत आली ती पेन्शनीच्या रूपात. नेमका कुठे आणि कसा गेला, हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. आत्याचं वय आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. फ्रान्सला जायचं मी ठरवलं तेव्हा ती म्हणाली, “मला घिऊन चल. माझा आजा हाय त्यो.” त्यावर बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

असा शोध घेणाऱ्या प्रत्येकाला मी एक सांगेन, आधी घरातले डबे, ट्रंका आणि देव्हाऱ्यामागची जागा बघा. त्या युद्धातलं चांदीचं गोल पदक असेल तर त्याची कड उजेडात धरा. शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेवर ठसवलेली असते. आम्हाला धाकट्यांचा नंबर तिथेच मिळाला. थोरल्यांची काशाची जड चकती होती, तळहातापेक्षा मोठी, तिच्यावर ब्रिटानियाची मूर्ती आणि सिंह. युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या वारसाला ब्रिटिश सरकारने ती पाठवली होती. तिच्यावर नाव असतं, पण हुद्दा किंवा पलटण नसते, कारण मरणात सगळे सारखे असं तिच्यामागचं तत्त्व. पुष्कळ घरांत अशा चकत्या पितळेच्या भावात मोडीत गेल्या. आमची वाचली ती थोरल्यांच्या बायकोने, आमच्या थोरल्या आजीने, ती शेवटपर्यंत ट्रंकेत जपली म्हणून.

पुढचा टप्पा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींचा. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश साम्राज्यातल्या सैनिकांची ही यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. आपली माणसं शोधताना मात्र धीर लागतो. कित्येक शिपायांचं आडनावच नोंदलेलं नाही. नुसतं स्वतःचं नाव, कधी पुढे बापाचं. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. गावांची नावं तर दोनदोनदा मोठ्याने वाचल्याशिवाय ओळखू येत नाहीत. आडनावावरून शोधण्याचा हट्ट सोडावा. पलटण आणि नंबर धरून शोधावं, किंवा अतिरिक्त माहितीच्या रकान्यात सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर असा जिल्हा घालून बघावं. तिथे बऱ्याचदा ‘अमक्याचा मुलगा’, ‘अमकीचा नवरा’, गाव, तालुका अशी नोंद सापडते. भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले यांच्याही नोंदी याच यादीत आहेत. आपला माणूस शिपाई नव्हता म्हणून कुणी शोध सोडू नये.

दिल्लीच्या इंडिया गेटवर सगळ्यांची नावं आहेत, हा समज फार पसरलेला आहे. ते स्मारक पहिल्या महायुद्धातल्या सुमारे ७४ हजार हिंदी मृतांचं म्हणून उभं आहे खरं. कोरलेली नावं मात्र तेरा हजारांच्या थोडी वर आहेत, आणि ती मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची. फ्रान्समध्ये किंवा इराकात गेलेल्याला तिथे शोधून उपयोग नाही.

नोंदींत दोघेही सापडले. धाकटे: मृत्यू २८ ऑक्टोबर १९१४, स्मारक न्यूव्ह शापेल, फ्रान्स. थोरले: ११७ वी मराठा पलटण, मृत्यू १९१६ च्या सुरुवातीला, स्मारक बसरा.

आम्ही आधी लंडनला उतरलो. शहराच्या नैर्ऋत्येला क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे. परदेशात लढलेल्या तुकड्यांच्या युद्ध-डायऱ्या तिथे ठेवल्या आहेत. वाचकाचं कार्ड फुकट मिळतं, कागदांचे फोटो काढता येतात. साध्या हिंदी शिपायाची सेवापुस्तिका लंडनला मिळेल ही आशा ठेवू नये. ब्रिटिश लायब्ररीत आहेत ती प्रामुख्याने अधिकाऱ्यांची कागदपत्रं. त्याची पलटण कोणत्या दिवशी कुठे होती हे मात्र डायरीतून कळतं, आणि मृत्यूची तारीख हातात असली की तेवढ्याने पुष्कळ उलगडतं.

२८ ऑक्टोबर १९१४ चा दिवस असा होता. हिंदी फौजेची लाहोर डिव्हिजन सप्टेंबरच्या अखेरीस मार्सेय बंदरात उतरू लागली होती. महिन्याभरात ती उत्तर फ्रान्सच्या आघाडीवर उभी केली गेली. २७ तारखेला न्यूव्ह शापेल हे गाव जर्मनांच्या हाती गेलं. दुसऱ्या दिवशी ते परत घेण्यासाठी ४७ वी शीख पलटण आणि मुंबई सफरमैनाच्या २० व २१ नंबरच्या कंपन्या पुढे पाठवल्या. सफरमैनाचं काम पूल बांधणं, खंदक खणणं, सुरुंग लावणं. पायदळ अपुरं पडत होतं म्हणून या कारागीर माणसांना संगिनी लावून उघड्या शेतातून पळत हल्ला करायला लावलं. ते गावात घुसले, घराघरांतून लढले, पण मागून कुमक आली नाही आणि मागे फिरावं लागलं. दोन्ही कंपन्यांचे जवळजवळ सगळे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले.

डायरीत त्या अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायांचा हिशोब आकड्यांत आहे: इतके ठार, इतके जखमी, इतके बेपत्ता. गावची पाटी आणि ही डायरी यांच्यामध्ये समुद्र आहेत, पण लिहिणाऱ्यांची पद्धत तीच. मी वाचून दाखवत होते आणि आत्या मुकाट ऐकत होती. मग म्हणाली, “हिसाब गुरांचा बी असाच ठिवत्यात.”

मध्ये एक दिवस ब्रायटनला गेलो. फ्रान्समध्ये जखमी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी तिथल्या राजाच्या जुन्या महालात, रॉयल पॅव्हिलियनमध्ये, डिसेंबर १९१४ मध्ये रुग्णालय उघडलं होतं. हिंदू आणि मुसलमान सैनिकांसाठी पाण्याचे नळ वेगळे, स्वयंपाकघरं जातिधर्माप्रमाणे वेगळी, इतकी काळजी घेतली होती. या व्यवस्थेत आस्था होती तशी हिंदुस्थानात भरती चालू राहावी ही गरजही होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, असं मला वाटतं.

तिथे मेलेल्या हिंदू आणि शिखांना शहराबाहेर पॅचमच्या टेकडीवर अग्नी दिला जाई. त्या जागी पांढऱ्या संगमरवराची छत्री उभी आहे. तिचा आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स या तरुण वास्तुरचनाकाराचा. १ फेब्रुवारी १९२१ रोजी तेव्हाच्या युवराजांनी तिचं अनावरण केलं. तिथवर गाडी जात नाही. मेंढ्यांच्या कुरणातून चढावाची पायवाट आहे. आत्या वाटेत दोनदा बसली, पण वरपर्यंत आली. त्या जागी ५३ जणांना अग्नी दिला गेला. छत्रीवर त्यांची नावं नाहीत. शेजारच्या वेगळ्या भिंतीवर ती कोरली गेली २०१० मध्ये. अनावरणानंतर एकोणनव्वद वर्षांनी!

लंडनहून लिलला समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी आगगाडी आहे. लिलहून न्यूव्ह शापेल पंचवीसेक किलोमीटर. लोकल गाडीने ला बासेपर्यंत जाता येतं, पुढे टॅक्सी. युद्धस्मारकांच्या सहली बहुतेक सोमकडे नाहीतर बेल्जियममधल्या ईप्रकडे जातात. इकडे माणूस मुद्दाम यावा लागतो.

हा मुलूख सपाट आहे. आमच्या पाटणच्या माणसाला डोंगराशिवायची जमीन कशी वाटली असेल, हा विचार मला गाडीत सतत येत होता. बटाटा, बीट, गव्हाची शेतं, मध्ये पाण्याचे चर, आणि कुठेही आडोसा नाही. जमिनीखाली थोडं खणलं की पाणी लागतं. त्यामुळे इथले खंदक पावसाळी दिवसांत कमरेइतके भरत आणि पुष्कळ ठिकाणी खणण्याऐवजी मातीच्या पोत्यांची भिंत रचावी लागे. हिंदी फौज १९१४ चा हिवाळा याच चिखलात राहिली. सुरुवातीला आली ती गरम मुलखातल्या सुती गणवेशातच. लोकरीचे कपडे मागाहून पोचले. १० मार्च १९१५ ला याच गावासाठी मोठी लढाई झाली आणि हल्ल्याचा निम्मा भार हिंदी तुकड्यांनी उचलला. गाव हाती आलं, पण त्या तीन दिवसांत हिंदी फौजेचे चार हजारांहून अधिक जण मेले किंवा जखमी झाले. आज गावात बघण्यासारखं फारसं काही नाही. चर्च, विटांची घरं, सगळं युद्धानंतर नव्याने बांधलेलं.

स्मारक गावाच्या नैर्ऋत्येला, ला बासेहून एस्तेरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या चौकात आहे. टॅक्सीतून उतरताक्षणी आत्या म्हणाली, “हे तर आपल्याकडचं दिसतंय.” खरंच तसं ते दिसतं. नवी दिल्लीतल्या सरकारी इमारतींवर काम केलेले हर्बर्ट बेकर हे याचे वास्तुरचनाकार. मोठं वर्तुळाकार आवार, अर्ध्या भागाला दगडी जाळी, दोन बाजूंना घुमटाच्या छत्र्या आणि दर्शनी भागात अशोकस्तंभाच्या धर्तीचा सुमारे पंधरा मीटर उंच खांब. खांबाच्या पायथ्याशी दोन बाजूंना दोन वाघ, माथ्यावर कमळ आणि त्यावर ब्रिटिश राजमुकुट. तो मुकुट मला खुपला. पण वाघांच्या अंगावरून हात फिरवताना आत्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते बघून मी बोलले नाही. ईश्वर एक आहे आणि विजय त्याचाच, या अर्थाचा लेख खांबावर इंग्रजी, अरबी, हिंदी आणि गुरुमुखीत आहे. अनावरण ७ ऑक्टोबर १९२७ ला झालं. फ्रान्सचे सेनापती मार्शल फॉश हजर होते.

आवाराच्या अर्ध्या वर्तुळाची भिंत नावांची. ४,७०० हून अधिक नावं. ज्यांचं थडगं किंवा राखेची जागा माहीत नाही असे सगळे. पलटणीप्रमाणे विभाग, त्यात हुद्द्याप्रमाणे उतरंड, आणि मग रोमन वर्णानुक्रम. दाराशी धातूच्या कपाटात नोंदवही असते, तिच्यात नाव आणि पाटीचा क्रमांक बघून घ्यायचा. सफरमैनाचा विभाग शोधायला वेळ लागला नाही. आमच्या आजूबाजूच्या गावांत आजही रोज हाक मारून बोलावतात तसली नावं त्या परक्या लिपीत ओळीने उभी होती. पणजोबांचं नाव हात पुरेल अशा उंचीवर आहे. आडनाव नाही.

मी अक्षरांवरून बोट फिरवत एकेक अक्षर आत्याला वाचून दाखवलं. तिला रोमन लिपी येत नाही. तिने ते नाव मोठ्याने उच्चारलं, मग बापाचं नाव जोडलं, मग आडनाव, मग गाव. देवाला गाऱ्हाणं घालताना घेतात तसं पूर्ण नाव घेतलं. पिशवीतून आणलेली हळदकुंकवाची पुडी सोडली, भिंतीला लावू का विचारलं. डाग पडेल म्हटल्यावर तिने ती भिंतीच्या पायाशी, गवतात वाहिली. खाली बसून हात जोडले आणि बराच वेळ काही न बोलता बसून राहिली.

उठल्यावर म्हणाली, “पोरी, आन् थोरल्या आजाचं कुटं हाय?”

थोरल्यांची पलटण पुणे डिव्हिजनमध्ये होती. सहाव्या डिव्हिजनचं नावच ते. १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज तैग्रिस नदीच्या काठाने बगदादकडे निघाली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबरमध्ये टेसिफॉनला तुर्कांनी तिला अडवलं. मोठी हानी सोसून ती कूत अल अमारा या नदीच्या वळणातल्या गावात मागे आली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून तिथे वेढली गेली. जवळजवळ पाच महिने. धान्य संपत आलं तेव्हा घोडे मारायला सुरुवात झाली. हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी ते मांस घेतलं नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवून बिनतारी यंत्राने आत कळवली, तरी बरेच जण अखेरच्या आठवड्यांपर्यंत ठाम राहिले. भाजीपाला नाही, मांस नाही, स्कर्व्ही पसरली. जखमा भरून येईनात. २९ एप्रिल १९१६ ला टाउनशेंड शरण गेला. सुमारे १३ हजार माणसं कैद झाली, आणि साध्या शिपायांना वाळवंटातून उत्तरेकडे चालवत नेलं. वाटेत आणि पुढे रेल्वेच्या कामावर हजारो मेले. थोरल्यांची तारीख वेढ्यातली आहे. गोळीने की भुकेने, नोंदीत लिहिलेलं नाही.

यातली एक गोष्ट मी आत्याला तिथेच, त्या भिंतीसमोर सांगितली. कूतला वेढा पडल्यावर सोडवायला जी फौज पाठवली, तिच्यात फ्रान्समधून हलवलेली लाहोर डिव्हिजन होती. धाकटा ज्या डिव्हिजनमध्ये मेला, तीच थोरल्याला सोडवायला निघाली होती. ती पोचू शकली नाही. त्या प्रयत्नांत तेवीस हजारांच्या आसपास माणसं पडली किंवा जखमी झाली.

आणि बसऱ्याच्या स्मारकाचं खरं दुःख यापुढेच आहे. ते १९२९ मध्ये उभं राहिलं. ब्रिटिश सैनिकांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांची कोरली. हिंदी शिपायांसाठी पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ असा आकडा कोरला. त्याच युद्धसमाधी आयोगाने, त्याच दशकात, न्यूव्ह शापेलला शिपायाचंही नाव कोरलं होतं. प्रत्येक मृताला नाव, हुद्द्याचा भेद नाही, हे तत्त्व आयोगाने स्वतः जाहीर केलं होतं. ते युरोपात पाळलं गेलं, जिथे युरोपियन माणसं बघायला येणार होती. इराकमध्ये आणि आफ्रिकेत ते सोडून दिलं. २०२१ मध्ये आयोगाच्याच चौकशी समितीने हे लेखी मान्य केलं. किमान १ लाख १६ हजार मृत, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, एकतर नावाने स्मरले गेले नाहीत किंवा अजिबात नोंदले गेले नाहीत, असं त्या अहवालात आहे. त्यात सर्वांत जास्त आफ्रिकेतले आणि मध्यपूर्वेतले. आयोगाने माफी मागितली. मी तो अहवाल सगळा वाचला आहे. मागितलेली माफी मला खरी वाटते, आणि तरीही थोरल्या आजीच्या ट्रंकेतली ती चकती आठवली की राग जात नाही. मरणात सगळे सारखे असं सांगणारी चकती त्यांनीच पाठवली होती.

बसऱ्याला आम्ही गेलो नाही. स्मारक आता मूळ जागी नाही. आधी ते शत अल अरब नदीच्या काठी गोदीत होतं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या आदेशाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्यावर बत्तीस किलोमीटर दूर वाळवंटात नेलं. इराकमधली परिस्थिती पाहता आत्याला तिथे नेणं मला शक्य नाही.

न्यूव्ह शापेलहून निघताना चौकातच, रस्त्यापलीकडे, पोर्तुगीज सैनिकांची दफनभूमी दिसते. एप्रिल १९१८ च्या जर्मन हल्ल्यात या भागात पोर्तुगालची डिव्हिजन चिरडली गेली. इथे १,८३१ जणांची थडगी आहेत. आम्ही तिथेही गेलो. आणखी थोडं पुढे लव्हांतीच्या दफनभूमीत नोव्हेंबर २०१७ मध्ये दोन गढवाली शिपायांना मूठमाती दिली गेली. आदल्या वर्षी चर खणताना त्यांचे अवशेष सापडले, खांद्यावरच्या ‘३९’ या पितळी आकड्यावरून पलटण कळली. ती माणसं कोण हे मात्र कळलं नाही. म्हणजे ही जमीन अजून माणसं परत देते आहे. धाकट्यांचं काय झालं असेल याचा विचार आत्याने तिथे केला असणार. ती बोलली नाही, मी विचारलं नाही.

परतल्यावर मी बसऱ्याच्या नोंदींतून पाटण तालुक्यातली माणसं वेगळी काढायला बसले. नावं दगडावर नसली तरी आयोगाच्या यादीत आता ती आहेत, गावासह. गावांची स्पेलिंगं इतकी बिघडलेली की अर्ध्यांचा मला उलगडाच होत नव्हता. आत्याला मी इंग्रजी अक्षरं जशीच्या तशी वाचून दाखवते आणि ती क्षणभर थांबून गाव ओळखते. कुठल्या गावात आपली कोण दिलीय, कुणाच्या घरी कोण आहे, हे तिला पाठ आहे. पहिला फोन तिने तिच्या नणंदेच्या गावी लावला.

“तुमच्या गावचा एक माणूस बसऱ्याच्या यादीत घावलाय,” ती सांगत होती. “बापाचं नाव हाय, बायकूचं हाय. लिवून घ्या आन् म्हाताऱ्यांना इचारा, कुणाच्या घरचा त्यो.”